सोसायटीचा आरोग्यविमा: एकत्र आल्याने हप्ता खरंच कमी होतो का?

पायरीचा_दगड (धागाकर्ता)

आरोग्यविम्यावरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून गेला, तरी आपला हप्ता काही खाली येईना, ही तक्रार आमच्या सोसायटीच्या सभेत टँकरच्या बिलाइतक्याच तावातावाने मांडली गेली. शेवटी दोन प्रस्ताव निघाले.

पहिला: सगळ्यांचा मिळून एकच गटविमा घ्यायचा. घाऊक घेतलं की स्वस्त पडतं, हा युक्तिवाद.

दुसरा: विमा कंपनीचं तोंडच बघायचं नाही. घरटी वर्षाला ३,००० रुपये काढायचे, स्वतःचा निधी उभा करायचा आणि कोणी ॲडमिट झालं की त्यातून बिल भरायचं.

सदनिका १२०, माणसं ४००, त्यातली साधारण ९० साठीपुढची. टिपण करायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. "माझ्या मावशीच्या वेळी" छापाचे किस्से इतर धाग्यांवर भरपूर आहेत. इथे नियम, आकडे आणि गाडी कुठे घसरते तेवढं लिहा, ही विनंती.

हिशोबी_मांजर

घाऊकचा युक्तिवाद कांद्याला लागू आहे, विम्याला नाही. तुम्ही कंपनीकडून काही विकत घेताय असं वाटतं, पण खरं तर तुम्ही तिला जोखीम विकताय. ९० ज्येष्ठांची जोखीम एकगठ्ठा विकायला गेलात तर ती त्याच हिशोबाने भाव सांगणार.

गटविम्याचा दर पहिल्या वर्षी वयांची यादी बघून अंदाजाने लावतात. समजा ९ लाख लावला आणि वर्षभरात ११ लाखांचे क्लेम गेले. दुसऱ्या वर्षीचं गणित असं: ११ लाख, वर उपचार महागल्याचे १० टक्के, झाले १२.१ लाख. हप्त्यातले ७५ टक्केच क्लेमला धरायचे असतील तर १२.१ भागिले ०.७५, म्हणजे १६ लाखांच्या वर. ९ चे १६ झाले.

आता ज्या घरात सगळे तिशीतले, ते म्हणणार आम्हाला बाहेर स्वस्त पडतं. ते निघाले की उरलेल्यांचं सरासरी वय चढतं आणि तिसऱ्या वर्षी दर आणखी वर जातो. चौथ्या वर्षी गटात फक्त ज्यांना गरज आहे तेच राहतात, आणि कंपनी नूतनीकरणाचं पत्रच पाठवत नाही. नोकरीतल्या गटविम्याचं असं होत नाही, कारण तिथे सगळ्यांना सरसकट घेतात आणि बरीचशी माणसं कामाच्या वयाची असतात.

वात्रट_वटवाघूळ

ज्या संस्थेत पार्किंगचं वाटप होत नाही, तिथे बायपासचं होणार?

खाडीकाठ

हिशोबी यांच्याशी सहमत. त्यात नियमांची भर.

१. फक्त विमा मिळावा म्हणून गट बनवता येत नाही. गृहनिर्माण संस्था मुळात वेगळ्या कारणासाठी नोंदलेली असते, त्यामुळे तिथे अडत नाही. पण "आपल्या गल्लीतले मिळून" असा गट चालणार नाही.

२. मास्टर पॉलिसी, म्हणजे गटाची मूळ पॉलिसी, संस्थेच्या नावावर निघते आणि सदस्याला विम्याचं प्रमाणपत्र मिळतं. ते प्रत्येकाने मागून घ्यावं. कंपनीने लावलेल्या हप्त्यापेक्षा एक रुपयाही जास्त संस्थेने गोळा करायचा नाही. "व्यवस्थापन खर्च" म्हणून ५०० रुपये वर चढवले की संस्था अडचणीत.

३. धागाकर्त्यांनी जीएसटीचा विषय काढलाच आहे, तर ही गोम बघा. माफी वैयक्तिक आणि कुटुंबाच्या फ्लोटर (सगळ्या घराची मिळून एक) पॉलिसींना आहे. गटविम्यावर १८ टक्के अजून आहेतच. ९ लाखांवर १ लाख ६२ हजार. म्हणजे एकत्र आल्याबद्दलचा दंड म्हणा.

४. सगळ्यात महत्त्वाचं. वैयक्तिक पॉलिसी क्लेम केला म्हणून नूतनीकरणाला नाकारता येत नाही, आणि तुमच्या एकट्याच्या क्लेमवरून तुमच्यापुरता हप्ताही वाढवता येत नाही. गटविम्याला हे दोन्ही कवच नाही. शेजारच्या विंगमध्ये दोन गुडघे बदलले की तुमचा हप्ता वाढला.

गटातून बाहेर पडताना त्याच कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं आणि झालेला प्रतीक्षाकाळ (जुन्या आजारांना कवच मिळण्याआधी थांबायचा काळ) हिशोबात धरला जातो. ही वाट आहे, पण कंपनी त्या वेळी तब्येत तपासू शकते.

कोपरखळी

बँकांच्या खातेदारांना मिळणारा स्वस्त गटविमाही याच मुद्द्यात बसतो ना? बँक आणि कंपनीचा करार संपला की खातेदार वाऱ्यावर?

खाडीकाठ

@कोपरखळी, वाऱ्यावर नाही, पण दारात. करार संपायच्या आत वैयक्तिक पॉलिसीत स्थलांतराचा अर्ज टाकावा लागतो. खंड पडला तर मागची वर्षं पुसली जाऊ शकतात. ज्यांचा एकमेव विमा तोच आहे, त्यांनी तरुणपणीच जोडीला एखादी लहान वैयक्तिक पॉलिसी चालू ठेवावी.

वर्गमूळ

दुसऱ्या प्रस्तावाकडे, म्हणजे स्वतःच्या निधीकडे वळतो.

३,००० गुणिले १२० म्हणजे ३ लाख ६० हजार. आता गृहीत धरा की वर्षाला २० माणसांमागे एक ॲडमिट होतो. ४०० माणसांत २०. सरासरी बिल ६०,००० धरलं तर १२ लाख लागतात. म्हणजे घरटी ३,००० नव्हे, १०,००० काढावे लागतील, आणि तेही सगळं सरासरीबरहुकूम घडलं तर.

पण घडत नाही. अपेक्षा २० ची असेल तर प्रत्यक्षात ११ ते २९ यांतलं काहीही बिनदिक्कत येऊ शकतं. चढउतार साधारण वर्गमूळाच्या प्रमाणात असतो: २० चं वर्गमूळ साडेचार, त्याच्या दुप्पट ९. हाच गट २०,००० माणसांचा असता तर अपेक्षा १,००० आणि चढउतार फक्त ६० च्या आसपास, म्हणजे ६ टक्के. तुमच्याकडे तो ४५ टक्के आहे. हा झाला निव्वळ माणसांच्या संख्येचा चढउतार. बिलाच्या आकाराचा अजून धरलेलाच नाही. यकृत प्रत्यारोपणाचं एक बिल आलं तर निधीची कित्येक वर्षं एका फाइलीत गेली.

विमा कंपनी हुशार असते म्हणून टिकते असं नाही. तिच्याकडे माणसं जास्त असतात, एवढंच.

भाकर_चटणी

एवढं निराश व्हायचं कारण नाही. महाराष्ट्रातच लहान गटांनी हे करून दाखवलं आहे. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाची ज्वारीची योजना प्रसिद्ध आहे. सुगीला शेतकरी ज्वारी द्यायचे आणि त्यावर घरच्यांचे उपचार व्हायचे. पुण्यामुंबईच्या वस्त्यांमधून अपलिफ्ट या संस्थेच्या पद्धतीचे म्युच्युअल (सदस्यांनीच एकमेकांसाठी उभारलेले) निधी चालतात, ज्यात कोणाला किती द्यायचं हे सदस्यांचीच समिती ठरवते. गुजरातेत 'सेवा' या कष्टकरी बायकांच्या संघटनेने १९९२ पासून विमो-सेवा ही विमा योजना चालवली. कर्नाटकातली यशस्विनी आरोग्य योजना सहकारी संस्थांतल्या शेतकऱ्यांसाठी होती, सुरुवातीला माणशी महिना ५ रुपयांवर.

विमा कंपनीनेच केलं पाहिजे हा आपला शहरी समज आहे.

वर्गमूळ

@भाकर_चटणी, उदाहरणं उत्तम, पण ती माझ्याच बाजूची आहेत. प्रत्येकाच्या आत एक खिळा आहे, तो बघा.

सेवाग्रामला अट होती की गावातली किमान ७५ टक्के घरं सामील झाली पाहिजेत, तरच गाव योजनेत. ज्याला उद्या ऑपरेशन आहे तोच आज पैसे भरणार, हा प्रकार त्यामुळे मुळातच छाटला गेला. शिवाय अचानक आलेला आजार मोफत, पण आधीपासून ठरवून करायच्या गोष्टींना फक्त सवलत. आणि दवाखाना त्यांचाच. म्हणजे खर्च किती येणार यावर त्यांचा हात होता.

यशस्विनीत लाखांनी शेतकरी होते, शस्त्रक्रियांचे दर आधी ठरलेले होते आणि सरकारचा पैसाही होता. वस्त्यांतल्या निधीत एका आजाराला देण्याची कमाल रक्कम मुद्दाम लहान ठेवतात.

तुमच्या सोसायटीत यातलं काय आहे? सक्ती करता येत नाही, दवाखाना तुमचा नाही, दर ठरलेले नाहीत. उरते फक्त लहान कमाल रक्कम. ती मात्र करता येईल.

भाकर_चटणी

मान्य. "लहान कमाल रक्कम" हा मुद्दा धागाकर्त्यांनी अधोरेखित करावा.

कलमबहाद्दर

कायद्याचं कोणीच बोललं नाही म्हणून. "इतके भरा, ॲडमिट झालात की इतके मिळतील" असं लेखी दिलंत की तो विमा व्यवसाय झाला. विमा कायदा १९३८ प्रमाणे नोंदणीशिवाय तो करता येत नाही, आणि आरोग्यविमा कंपनीला किमान भांडवल १०० कोटी लागतं. आपल्याकडे लहान म्युच्युअलला वेगळी सोपी नोंदणी नाही, हे दुखणं जुनं आहे.

म्हणून शब्द जपून. निधी "मदतीचा" ठेवा. नियमावलीत स्पष्ट लिहा की मदत हा हक्क नाही, रक्कम समिती ठरवेल, निधीत शिल्लक असेल तरच मिळेल. आणि वर्गणीला "हप्ता" म्हणू नका.

दुसरं, गृहनिर्माण संस्थेच्या सिंकिंग फंडाला आणि दुरुस्ती निधीला हात लावायचा नाही. ते पैसे इमारतीचे आहेत, माणसांचे नाहीत. मेंटेनन्सच्या बिलात वैद्यकीय वर्गणीची ओळ घातलीत तर एखादा सदस्य उपनिबंधकांकडे जाणार, आणि त्याचंच बरोबर ठरणार. वेगळं मंडळ नोंदवा. १८६० च्या सोसायटी नोंदणी कायद्याखाली नोंदवलेलं मंडळ महाराष्ट्रात सार्वजनिक विश्वस्त कायद्याखालीही नोंदलं जातं, मग दरवर्षी हिशेबपत्रकं धर्मादाय कार्यालयात. एवढी कटकट झेपणार असेल तरच पुढे जा.

रात्रपाळी

हॉस्पिटलच्या बिलिंग विभागाच्या बाजूने लिहितो. हप्त्यावर सगळे भांडतात, पण खिशातून जाणारा पैसा बऱ्याचदा रूमभाड्याच्या कलमातून जातो. एक बिल मांडून दाखवतो.

पॉलिसी ३ लाखांची, रूमभाड्याची मर्यादा १ टक्का म्हणजे रोज ३,०००. रुग्णाने ६,००० ची खोली घेतली, पाच दिवस.

खोली ३०,०००. सर्जन, ओटी, नर्सिंग, व्हिजिट मिळून १,२०,०००. औषधं, इम्प्लांट आणि तपासण्या ८०,०००. एकूण २,३०,०००.

लोकांना वाटतं रोजचे ३,००० वरचे आपले, म्हणजे १५,००० गेले. तसं नसतं. खोली दुप्पट दराची, म्हणून सर्जन ते व्हिजिटच्या १,२०,००० मधलेही निम्मेच मिळतात. १५,००० अधिक ६०,००० अधिक ८०,०००, एकूण १,५५,०००. उरलेले ७५,००० रुग्णाचे.

आता बारकाई. औषधं, वापरून टाकायच्या वस्तू, इम्प्लांट आणि तपासण्या यांना ही प्रमाणशीर कपात लावता येत नाही. आयसीयूच्या खर्चालाही नाही. तरी कधी कधी टीपीएच्या (कंपनीसाठी क्लेम तपासणाऱ्या मध्यस्थ संस्थेच्या) हिशोबात सरसकट ५० टक्के लागलेले दिसतात. वरच्या उदाहरणात तसं झालं तर आणखी ४०,००० गेले. कपातीचं पत्र ओळीओळीने वाचून हा मुद्दा लेखी मांडला तर ते परत मिळवता येतात.

चिंचगूळ

@रात्रपाळी दंडवत. वाचनखूण साठवली.

ग्लोव्हज, मास्क, पीपीई वगैरेंचे पैसे कापतात, ती यादी ठरलेली असते की प्रत्येक कंपनीची वेगळी?

रात्रपाळी

आयआरडीएआयची, म्हणजे विमा नियामकाची, यादी आहे, ६८ वस्तूंची. या बाबी पॉलिसीत वेगळ्या घेतलेल्या नसतील तर मिळत नाहीत. त्याशिवाय तीन याद्या अशा आहेत की त्यातल्या वस्तू खोलीभाड्यात, शस्त्रक्रियेच्या किंवा उपचाराच्या खर्चात धरायच्या असतात, वेगळ्या लावायच्याच नाहीत. हॉस्पिटलने त्या वेगळ्या लावल्या तर भांडण हॉस्पिटलशी, कंपनीशी नाही. हा फरक न कळल्याने लोक चुकीच्या खिडकीवर उभे राहतात.

उंबरठा

हप्ता का वाढतो, यावर दोन शब्द. कंपन्या "वैद्यकीय महागाई" म्हणतात, ते खरं आहे, पण अर्धंच. निव्वळ आरोग्यविमा करणाऱ्या कंपनीला व्यवस्थापन आणि कमिशनवर एकूण हप्त्याच्या ३५ टक्क्यांपर्यंत खर्च करायची मुभा आहे, सर्वसाधारण विमा कंपनीला ३० टक्के. १०० रुपयांतले ३५ वाटेतच जाऊ शकतात. वर हॉस्पिटलच्या दरांवर कोणताही नियामक नाही.

दुसरं कारण, वयाचे टप्पे. बहुतेक पॉलिसींत ४५, ५०, ५५, ६०, ६५ ओलांडलं की दर उडी मारतो. फ्लोटरमध्ये हप्ता घरातल्या सर्वात मोठ्याच्या वयावर असतो. ६६ वर्षांचे आजोबा एका फ्लोटरमध्ये असतील तर ३३ वर्षांची सून आणि पाच वर्षांचं पोर आजोबांच्या वयाच्या टप्प्यात गेलं. आजी-आजोबांची पॉलिसी वेगळी करा. काही घरांत एवढ्यानेच एकूण हप्ता उतरतो.

ज्येष्ठांसाठी ३० जानेवारी २०२५ चं परिपत्रक आहे: ६० पुढच्यांचा हप्ता वर्षात १० टक्क्यांहून जास्त वाढवायचा तर कंपनीने आधी आयआरडीएआयशी बोललं पाहिजे. नूतनीकरणाच्या पत्रात वाढ जास्त दिसली तर या परिपत्रकाचा हवाला देऊन लेखी विचारा. आणि जीएसटी गेल्यावर कंपन्यांना इनपुट क्रेडिटही (स्वतःच्या खर्चावर भरलेल्या जीएसटीची वळती) मिळेनासं झालं, त्यामुळे मूळ दरात थोडी भर पडणं अपेक्षित होतं. पूर्ण १८ टक्के हातात येणार असं मानणं भाबडेपणाचं.

वात्रट_वटवाघूळ

म्हणजे पुण्याच्या चहासारखं. साखर स्वस्त झाली, चहा तेवढ्यालाच.

दुहेरी_गाठ

सगळे दुखणं सांगताहेत, औषध लिहितो. निधी आणि विमा यांत निवड करायचीच कशाला? थर लावा.

तळाचा थर: ३ ते ५ लाखांची साधी पॉलिसी. आरोग्य संजीवनी ही २०२० पासूनची प्रमाणित पॉलिसी आहे, शब्दरचना सगळ्या कंपन्यांची एकच. त्यामुळे तुलना करताना फक्त हप्ता आणि क्लेमची वागणूक बघायची. तिच्या मर्यादा माहीत असू द्या: ५ टक्के को-पे (क्लेममधला आपला ठरलेला वाटा), खोली विमारकमेच्या २ टक्के पण रोज ५,००० च्या आत, मोतीबिंदूला डोळ्यामागे कमाल ४०,०००.

वरचा थर: सुपर टॉप-अप. वजावट (आधी आपण किंवा तळाच्या पॉलिसीने सोसायची रक्कम) जितकी मोठी तितका हप्ता लहान, म्हणून २०-२५ लाखांचं कवच झेपेल अशा दरात मिळतं.

नुसता टॉप-अप आणि सुपर टॉप-अप यांत गल्लत नको. वजावट ३ लाख, वर्षात दोन वेळा ॲडमिट, बिलं अडीच लाख आणि २ लाख. टॉप-अप प्रत्येक बिल वेगळं बघतो. दोन्ही ३ लाखांच्या आत, म्हणून शून्य. सुपर टॉप-अप वर्षाची बेरीज बघतो. साडेचारातून तीन वजा, दीड लाख मिळाले. नावातला एक शब्द, फरक दीड लाखाचा.

कोपरखळी

तळाचा थर सरकारी योजनेने भागत नाही का?

आरोग्यवाट

बऱ्याच जणांचा भागतो, पण कागद तयार नसतात.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना १ जुलै २०२४ पासून सर्व शिधापत्रिकाधारकांना, पांढऱ्या कार्डासकट, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत आहे. तेव्हा यादीत १,३५६ उपचार होते. औषधं, तपासण्या, जेवण पॅकेजमध्येच. अडतं ते इथे:

शिधापत्रिका ऑनलाइन नोंदलेली नाही, १२ अंकी क्रमांक नाही. सुनेचं किंवा बाळाचं नाव चढवलेलं नाही. कार्डावरचं नाव आणि आधारवरचं नाव जुळत नाही. हॉस्पिटल योजनेत आहे, पण तो विशिष्ट विभाग नाही. आणि सगळ्यात मोठी चूक म्हणजे आधी रोख भरून मग योजना मागणं. या योजनेत भरलेले पैसे परत मिळत नाहीत. ॲडमिट होतानाच आरोग्यमित्राच्या (योजनेच्या हॉस्पिटलमधल्या माणसाच्या) टेबलावर जायचं.

७० पूर्ण झालेल्यांना २९ ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान वय वंदना कार्ड आहे. उत्पन्नाची अट नाही, खासगी विमा असला तरी चालतो. आधारच्या ई-केवायसीवर निघतं. ५ लाख घरातल्या सत्तरीपुढच्या सगळ्यांत मिळून. सीजीएचएस (केंद्रीय कर्मचारी), ईसीएचएस (माजी सैनिक) या योजनांवाल्यांना मात्र एक निवडावं लागतं. धागाकर्ते, तुमच्या ९० ज्येष्ठांपैकी सत्तरीपुढचे किती? एक रविवार, एक लॅपटॉप, क्लबहाऊस. एवढ्यात सगळ्यांची कार्डं निघतील, आणि एक रुपयाही लागणार नाही.

उंबरठा

अवांतर: सोसायटीच्या आरोग्याची चर्चा चालू आहे तर रखवालदार आणि सफाईवाल्यांचंही बघा. २१,००० पर्यंत पगार असेल आणि एजन्सी ईएसआयच्या (कामगार राज्य विम्याच्या) कक्षेत असेल तर मालकाचे ३.२५ टक्के आणि कामगाराचे ०.७५ टक्के भरले गेले पाहिजेत. एजन्सीच्या बिलात ती ओळ असते, पैसे तुम्ही देता. चलनाची प्रत दर महिन्याला मागा. आणि त्यातल्या नावांशी गेटवरची माणसं ताडून बघा. चलन एकाच्या नावाचं आणि ड्युटीवर दुसराच, असं असू शकतं.

घरकाम करणाऱ्या बायकांसाठी धर्मादाय रुग्णालयांची योजना. १० टक्के खाटा निर्धनांना मोफत, १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत, सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या कलम ४१अअ खाली. त्यासाठी ही रुग्णालयं बिलाच्या २ टक्के रक्कम बाजूला काढतात. उत्पन्नाचा तहसीलदारांचा दाखला आणि शिधापत्रिका तयार ठेवायला त्यांना मदत करा.

चिंचगूळ

हे अवांतर मूळ विषयापेक्षा उपयोगी निघालं.

रात्रपाळी

माझं ठाम मत: सोसायटीने पैसे गोळा करण्याआधी क्लेमचं टेबल उभं करावं. दोन-तीन निवृत्त माणसं, एक कपाट, एक तक्ता. क्लेम अडतात ते बहुधा कागदांवर.

ॲडमिशनच्या दिवशी एक काम न चुकता: केस पेपरवरची "पूर्वीचे आजार" ही ओळ वाचा. रात्री अकरा वाजता निवासी डॉक्टर विचारतो बीपी किती दिवसांपासून, नातेवाईक म्हणतात "झाली असतील दहाएक वर्षं". पॉलिसी चार वर्षांची. लागलं टीपीएचं बोट त्याच ओळीवर. खरं काय ते जुन्या चिठ्ठ्या बघून सांगा, चुकीचं लिहिलं गेलं असेल तर डिस्चार्जच्या आधी डॉक्टरांकडून दुरुस्त करून घ्या, सहीनिशी. खोटं लिहून घ्या असं म्हणत नाही. अंदाजाने बोलू नका, एवढंच.

रोख भरून मागायचा क्लेम असेल तर: डिस्चार्ज समरी, तपशीलवार अंतिम बिल, पावत्या, प्रत्येक औषधबिलाला त्याची चिठ्ठी, रिपोर्ट, रद्द केलेला चेक, अपघात असेल तर एमएलसीची (हॉस्पिटलच्या पोलिसी नोंदीची) प्रत. स्टेंट, लेन्स, गुडघा बसवला असेल तर त्याचा स्टिकर. स्टिकर ओटीतून फाइलला चिकटून येतो आणि तिथेच राहतो, आठवणीने मागा.

कॅशलेसमध्ये कंपनीने पहिली मंजुरी एका तासात आणि डिस्चार्जची तीन तासांत द्यायची आहे, २९ मे २०२४ चं परिपत्रक. तीन तासांपुढे खोलीचं भाडं चढलं तर ते कंपनीने सोसायचं. वेळ लिहून ठेवा: हॉस्पिटलने अंतिम बिल पाठवलं किती वाजता. बऱ्याचदा उशीर हॉस्पिटलकडेच झालेला असतो.

कलमबहाद्दर

त्याच टेबलावर तक्रारीची वाटही चिकटवा. आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी. नकार आला किंवा महिनाभर उत्तर नाही, तर विमा लोकपाल. फी नाही, वकील नाही, ५० लाखांपर्यंतचे दावे, एका वर्षाच्या आत जायचं. मुंबईला आहे, पुण्याला आहे. आणि पॉलिसी सलग ६० महिने चालली असेल तर आजार लपवल्याच्या मुद्द्यावर क्लेम नाकारता येत नाही, सिद्ध झालेली फसवणूक वगळून. पोर्ट केलेली, म्हणजे कंपनी बदलण्याआधीची, वर्षंही त्यात धरतात.

पायरीचा_दगड (धागाकर्ता)

सगळ्यांचे आभार. टिपणाचा कच्चा आराखडा असा झालाय:

गटविमा: नाही. कारणांत हिशोबी आणि खाडीकाठ यांची गणितं जशीच्या तशी.

निधी: बिल भरण्यासाठी नाही. वेगळं मंडळ, ऐच्छिक वर्गणी १,५००. सगळे आले तर १ लाख ८० हजार. एका घराला वर्षात जास्तीत जास्त १५,०००, तेही विम्यात न मिळणाऱ्या वस्तू आणि को-पे यांसाठी.

विमा: प्रत्येकाचा वैयक्तिक, पण तपासणी एकत्र. फ्लोटर फोडायचा का, रूमभाड्याची मर्यादा किती, सुपर टॉप-अप आहे का.

टेबल: रविवारी सकाळी. शिधापत्रिका, वय वंदना, क्लेमचे कागद.

वर्गमूळ

१५,००० प्रमाणे १२ घरांत तुमचा निधी संपला. अपेक्षा २० ॲडमिशनची. एप्रिल ते जुलैतच आटोपला तर डेंग्यूच्या मोसमात हात वर करावे लागतील. तिमाहीला ४५,००० असा बांध घाला, उरलं तर पुढच्या तिमाहीत. आणि तीन महिने वर्गणी भरल्याशिवाय मदत नाही, ही अट पहिल्या दिवसापासून. नंतर घालायला गेलात तर कोणावर तरी डाव धरल्यासारखं दिसतं.

कलमबहाद्दर

"बिल भरण्यासाठी नाही" हे वाक्य टिपणात ठळक छापा. आणि पॉलिसीच्या प्रती व्हॉट्सॲप ग्रुपवर मागवू नका, त्यात आजारांची नोंद असते. कागद टेबलावर बघायचे आणि परत द्यायचे.

हिशोबी_मांजर

करवाल्यांसाठी पुरवणी: आरोग्यविम्याच्या हप्त्यावरची आयकर वजावट (८०डी) जुन्या करप्रणालीतच. स्वतःच्या कुटुंबाचे २५,०००, ज्येष्ठ आईवडिलांचे ५०,०००. नव्या प्रणालीत गेलेल्यांनी "करात वाचेल" हे गृहीत हप्त्यातून काढून टाकावं. एजंट अजून तेच सांगून विकतात.

दुहेरी_गाठ

तक्त्यात नूतनीकरणाच्या तारखेचा रकाना सगळ्यात डावीकडे घ्या. पोर्ट करायचं तर तारखेच्या किमान दीड महिना आधी अर्ज गेला पाहिजे. नव्या कंपनीने नाकारलं तर जुनीचं नूतनीकरण करायला वेळ उरतो. शेवटच्या आठवड्यात जागे झालात तर जुनीचाच चेक फाडायचा.

पायरीचा_दगड (धागाकर्ता)

रकाना घातला. आतापर्यंत ४१ घरांनी माहिती दिली, तारखांप्रमाणे लावून बघितलं. ११ पॉलिसी पुढच्या दीड महिन्याच्या आत संपताहेत, म्हणजे त्यांचं यंदाचं पोर्टिंग गेलं. त्यातल्या चार फ्लोटरमध्ये साठीपुढचं माणूस आहे. फोडायचं काम त्या चारांपासून, येत्या रविवारी.

वात्रट_वटवाघूळ

चहा कोणाच्या निधीतून?

कलमबहाद्दर

सिंकिंग फंडातून नक्की नाही.